दुसरी प्रत

बेंगळुरात पीण्या नावाची औद्योगिक वसाहत आहे, तिथल्या एका कारखान्यात मी सत्तावीस वर्षं तपासणी खात्यात काढली. ट्रेमधला माल उचलायचा, फिरवून बघायचा, पास किंवा रिजेक्ट. रिजेक्ट केला की कारण लिहायचं. नुसतं 'खराब' लिहून आलेला कागद मी परत पाठवत असे. पोचा आहे, तर कशाचा? हातातून पडला, हातोडी बसली, की दुसऱ्या भागावर आदळला? मार खाल्लेल्या वस्तूवर मारणाऱ्याचा हात उमटलेला असतो, हे मला कुणी शिकवलं नाही, बघून बघून कळलं. एकदा एका सुपरवायझरनं माझ्या रिजेक्टच्या ट्रेमधले भाग गुपचूप पासच्या ट्रेमध्ये सरकवले, तेव्हा मी त्याच्या बोटांवर स्टीलची पट्टी हाणली होती. दोन बोटं सुजली, मला मेमो मिळाला. मला त्याचं वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

आम्ही बेंगळुरातल्या शिवाजीनगरचे. आमचे पूर्वज घोड्यावर बसून इथे आले असं माझा थोरला भाऊ उमाजी सांगतो. मी तरी जन्मभर बसनंच फिरले. घराजवळ रोशन नावाचा जुन्या पुस्तकांचा दुकानदार होता. त्याच्याकडे अमेरिकेतली न खपलेली पेपरबॅक पुस्तकं गठ्ठ्यांनी यायची. निवृत्त झाल्यावर मी त्याच्याकडे बसायला लागले आणि त्यानं मला पुस्तक तपासायला शिकवलं. कॉपीराइटच्या पानावर एक ते दहा आकड्यांची ओळ असते. पुन्हा छापलं की त्यातला एक आकडा कमी करतात. ओळीत एक शिल्लक असेल तर पहिली छपाई, नसेल तर नंतरची. मग कणा बघायचा, कोपरे बघायचे, डाग बघायचे. माझ्यासाठी हे पीण्याचंच काम होतं, फक्त हाताला तेल लागत नव्हतं. हळूहळू शहरातले पुस्तकं जमवणारे लोक मला याद्या करायला बोलवू लागले. त्या कादंबऱ्या मला फार आवडतात असं नाही. नवरा-बायको स्वयंपाकघरात बसतात, दारू पितात आणि तीनशे पानं एकमेकांशी बोलत नाहीत.

सुशांतनं मला असंच बोलावलं. पुण्याचा, अडतीस वर्षांचा, सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. बसवनगुडीत दुसऱ्या मजल्यावर राहायचा आणि आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करायचा. हॉलची एक अख्खी भिंत पुस्तकांची. आजच्या अमेरिकन कादंबऱ्या आणि कथा, सगळ्या पेपरबॅक, सातशे सहा पुस्तकं, आणि प्रत्येकाच्या दोन प्रती. पहिल्या छपाईची प्रत वरच्या फळ्यांवर, पारदर्शक प्लास्टिकच्या जाकिटात. ती कधी उघडायची नाही. दुसरी प्रत वाचायला. त्या दुसऱ्या प्रती खालच्या दोन फळ्यांवर, जमिनीला टेकून, दाटीवाटीनं कोंबलेल्या.

"काकू, कॅटलॉग ऑनेस्ट पाहिजे," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "क्रीज असेल तर क्रीज, स्टेन असेल तर स्टेन. मला ही लिस्ट आमच्या कलेक्टर्सच्या ग्रुपमध्ये टाकायची आहे. तिथे खोटेपणा कुणी माफ करत नाही."

"सरी, ठीक आहे. पण काकू नको, अक्का म्हणा. आमच्यात अक्का म्हणतात."

तो हसला आणि शेवटपर्यंत काकूच म्हणत राहिला.

त्याची बायको आसावरी मात्र दुसऱ्या दिवसापासून मला अक्का म्हणू लागली. तिशीची असेल. पूर्वी पुण्यात शाळेत शिकवायची. मी सोफ्यावर तिच्या डाव्या हाताला बसले आणि काहीतरी विचारलं, तर तिला ऐकूच आलं नाही. "या बाजूनं बोला अक्का," ती म्हणाली. "तो कान गेलाय माझा. इन्फेक्शन झालं होतं."

मी मान डोलावली. तेव्हा खरंच वाटलं मला.

मी यादी वरून खाली करत गेले. वरच्या फळ्यांवर लिहिण्यासारखं काही नव्हतं. सातशे पुस्तकांत पाच दोष निघाले नाहीत, आणि जे निघाले ते छापखान्याचे. खालच्या फळ्यांवर आले आणि चौथ्याच दिवशी हात थांबला. एका जाड कादंबरीचा वरचा कोपरा आत दबला होता. पुस्तक पडलं तर कोपरा दुमडतो, पान चुरगळतं. हा कोपरा दुमडलेला नव्हता, ठेचलेला होता. आणि मागच्या पानांच्या कडेवर तपकिरी थेंब होते, तीन.

"हे कशानं?" मी सुशांतला विचारलं.

"पडलं असेल."

"पडलेलं नाही. कशावर तरी आपटलंय, कोपऱ्यानं. आणि हा डाग?"

"कॉफी लिहा," तो लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला.

कॉफीचा डाग कागदात पसरतो आणि कडेला गडद होतो. हा थेंब जागच्या जागी सुकून त्याची खपली झाली होती. यंत्रावर बोटं कापून घेतलेली माणसं मी सत्तावीस वर्षं बघितली, कागदावर सुकलेलं रक्त मला कुणी ओळखून दाखवायला नको. मी वहीत लिहिलं, 'कोपरा ठेचलेला, आघातानं. रक्त, तीन थेंब.' त्यानं मला खरं लिहायला सांगितलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या आठवड्यात अशी बारा निघाली. कुठे कणा मधोमध मोडलेला, कुठे कड सपाट झालेली, एका पानात दोन लांब केस चिकटलेले. आसावरी चहा घेऊन यायची आणि माझ्या वहीकडे न बघता निघून जायची. मी दोनदा विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आपण यादी करायला आलोय, संसार तपासायला नाही, असं मी स्वतःला सांगितलं. त्या मूग गिळण्याची मला लाज वाटते.

गुरुवारी सकाळी साडेअकराला आसावरीनं चहाचा पेला टेबलावर ठेवला. तिथे वरच्या फळीतलं एक पुस्तक मी पुन्हा पडताळायला जाकिटातून काढून ठेवलं होतं. पेला त्याला लागला नव्हता, वीतभर लांब होता. सुशांत आतल्या खोलीतून बाहेर आला. गळ्यात हेडफोन.

"किती वेळा सांगितलंय?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

आसावरी मागे सरली. त्यानं आधी टेबलावरचं पुस्तक उचललं, जाकिटात सरकवलं, वर जागेवर ठेवलं. मग वाकला. खालच्या फळीतून एक जाड पुस्तक ओढून काढलं, दोन्ही हातांत कणा धरला आणि तिच्या डोक्यात घातलं.

मी तसा आवाज पूर्वी ऐकला नव्हता. एकदा, दोनदा, तीनदा. ती ओरडली नाही. सवयीनं तिनं कोपरं वर घेऊन तोंड झाकलं, भिंतीशी सरकत खाली बसली, आणि तो तिच्या कोपरांवर, बरगड्यांवर, मानेवर मारत राहिला. पुस्तकाची पानं सुटून जमिनीवर पडली. त्यानं पुस्तक फेकून दिलं आणि लाथ मारली. तिचं डोकं भिंतीवर आपटलं. भुवईतून रक्त आलं.

पहिल्या तीन फटक्यांना मी जागची हलले नाही, हे मी लपवणार नाही. मग तळपायाची आग मस्तकात गेली. मी मागून त्याचा शर्ट धरला, तो फाटला. त्याच्या दंडाला चावले. हो, चावले, तोंडात त्याचं रक्त आलं इतकी चावले. त्यानं मला झटकलं, मी टेबलाच्या कोपऱ्यावर पडले आणि मनगटात काडकन आवाज झाला.

त्या आवाजानं तो थांबला. माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि खाली बसून लहान मुलासारखा हमसून रडायला लागला. "काय केलं मी? काकू, माझं भान जातं हो. मला काही दिसत नाही त्या वेळी." त्यानं फ्रीजमधून बर्फ आणला. आधी तिच्या भुवईला लावला, मग माझ्या मनगटाला. तिच्या पायांवर डोकं ठेवलं. आणि तिनं, भुवईतून रक्त गळत असताना, त्याच्या केसांवरून हात फिरवला.

दवाखान्यात तीच माझ्याबरोबर आली. तिच्या भुवईला चार टाके पडले, माझ्या हाताला प्लास्टर. डॉक्टरला तिनं सांगितलं की आम्ही दोघी जिन्यावरून पडलो. डॉक्टर गेल्यावर मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता पोलिसांत चल."

"नको अक्का."

"मरशील एक दिवस."

"तो वाईट नाही हो. तुम्ही बघितलंत ना, कसा रडला? राग आला की त्याला काही दिसत नाही. समोर मी आहे हेसुद्धा कळत नाही त्याला. फिट येणाऱ्या माणसाला कुणी टाकून जातं का? सहा वर्षं झाली. मी त्याला एका डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू आहेत, दर मंगळवारी माझा उपास असतो. होईल बरा."

"कान कसा गेला तुझा?"

ती म्हणाली, "तेव्हाही त्याला कळलं नव्हतं."

मला तिचाच राग आला. तिला गदागदा हलवावं असं वाटलं आणि त्याच वेळी तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. एका हाताला प्लास्टर होतं.

घरी अण्णानं, म्हणजे उमाजीनं, माझा हात बघितला आणि खुंटीवरचा शर्ट काढला. अण्णा तरुणपणी तालमीत कुस्ती खेळायचा, पासष्टीतही त्याचा पंजा फावड्याएवढा आहे.

"पत्ता दे," तो म्हणाला.

"बेडा अण्णा, नको."

"त्याचे दोन्ही हात काढून ठेवतो. पुस्तकं कशानं उचलतो बघू."

"तू हात मोडलेस तर ती सहा महिने त्याला भरवत बसेल. तिला वाटतं तो आजारी आहे. तू त्याला खरोखरचा आजारी करशील."

अण्णानं शर्ट खुंटीकडे फेकला. मग शिव्या देत बाहेर गेला. त्यानं जावं आणि त्याला फोडावं, असं माझ्या मनात नव्हतं असं नाही. पण तिला तिथून बाहेर काढायचं, एवढंच मला हवं होतं, आणि ती स्वतःच्या पायांनी निघाल्याशिवाय ते होणार नव्हतं.

हात मोडला तरी डोकं मोकळं होतं. यादीतल्या शेवटच्या पुस्तकांचे फोटो मी मोबाइलवर काढून ठेवले होते. एका हातानं वही पुरी करत बसले. पीण्यातली जुनी सवय होती. माल संपला की रिजेक्टचे वेगळे काढायचे आणि कुठल्या मशिनवरून आले ते बघायचे. दहा मशिनवरून एकेक आला तर अपघात. सगळे एकाच मशिनवरून आले तर तो अपघात नसतो, तिथे कुणीतरी काहीतरी करतंय.

एक हजार चारशे बारा पुस्तकं. मार लागलेली एकतीस. मी त्यांच्या जागा लिहायला लागले. खालची फळी. खालची. खालची. शेवटची. खालची. एकतीसच्या एकतीस दुसऱ्या प्रती. सहा वर्षांत वरच्या एकाही पुस्तकाच्या कोपऱ्याला टाचणीएवढा पोचा नव्हता.

मी पेन खाली ठेवलं. तो गुरुवार माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. त्यानं टेबलावरचं पुस्तक आधी जाकिटात घातलं होतं. वर ठेवलं होतं. मग वाकला होता. वरच्या फळ्या त्याच्या खांद्याशी होत्या, नुसता हात लांब केला असता तरी पुस्तक मिळालं असतं. ज्याला काही दिसत नाही तो वाकून, निवडून, दुसरी प्रत काढत नाही. मार बघताना मी इतकी घाबरले नव्हते.

मंगळवारी वही द्यायच्या निमित्तानं गेले. सुशांत आतल्या खोलीत मीटिंगमध्ये होता, दार बंद. आसावरी स्वयंपाकघरात होती, भुवईवर पट्टी, दंड काळानिळा. मी तिच्या उजव्या बाजूला उभी राहिले आणि वही उघडली.

"हे बघ. एकतीस. एकही वरचं नाही."

तिनं बघितलं. पाठ फिरवून गॅस बारीक केला. "खालची हाताशी येतात अक्का."

"येतात का? तूच सांग. उभ्या माणसाच्या हाताशी कुठली येतात?"

तिनं ओट्यावर फडकं फिरवलं.

"तो वाकतो आसावरी. दर वेळी वाकतो. रागात त्याला तू दिसत नाहीस, पण कुठलं पुस्तक खराब झालं तर चालेल, ते दिसतं."

"असं नसेल." तिचा आवाज इतका लहान झाला की मला झुकावं लागलं. "अक्का, असं नाही म्हणायचं. असं असेल तर मग मी काय केलं इतकी वर्षं?"

तेवढ्यात दार उघडलं. सुशांत हॉलमध्ये आला, आम्ही दोघीही बाहेर गेलो. त्यानं माझ्या हातातून वही घेतली, चाळली आणि एका पानावर थांबला. तिथे मी रक्ताच्या डागांची पुस्तकं एकाखाली एक लिहिली होती, जागेसकट.

"हे काय आहे?"

"ऑनेस्ट कॅटलॉग," मी म्हटलं.

त्यानं वही उभी फाडली. "हिनं सांगितलं का तुम्हाला हे लिहायला? काय काय सांगितलंस गं?" तो तिच्याकडे वळला. तिला भिंतीशी रेटलं, मूठ वर गेली. मी ओरडले असेन, मला आठवत नाही.

आसावरीनं कोपरं वर घेतली नाहीत. तिनं बाजूच्या वरच्या फळीत हात घातला, हाताला लागलं ते एक पुस्तक ओढलं आणि तोंडासमोर धरलं. प्लास्टिकचं जाकीट चकाकत होतं.

मूठ हवेत थांबली.

पुस्तकापासून चार बोटांवर थांबली. मनगटाच्या शिरा फुगलेल्या, चेहरा लाल, दात आवळलेले, पण मूठ पुढे सरकेना. आसावरीनं पुस्तक हळूच खाली घेतलं, छातीसमोर. त्याची मूठ तिच्या तोंडाकडे निघाली. तिनं पुस्तक पुन्हा वर नेलं. मूठ पुन्हा थांबली.

"ते खाली ठेव," तो म्हणाला. अगदी हळू, समजुतीच्या सुरात. "आसावरी, कव्हरला घडी पडेल. दे इकडे."

ती पुस्तकाच्या कडेवरून त्याच्याकडे बघत होती. सहा वर्षांत तिनं त्याला असं कधी बघितलं नसणार, कारण दर वेळी तिची कोपरं डोळ्यांवर असायची.

तिनं पुस्तक दिलं नाही. तेव्हा तो वाकला. आमच्या दोघींच्या देखत वाकला, खालच्या फळीवरून बोट फिरवलं, एक बारीक पुस्तक सोडलं आणि त्याच्या शेजारचं जाड ओढलं.

तो अजून खालीच होता. मी प्लास्टरचा हात दोन्ही खांद्यांच्या जोरावर उचलला आणि त्याच्या मानेवर आणला. तो फळीवर तोंडावर पडला. नाक फुटलं. उठायला लागला तसा मी दुसऱ्यांदा हाणला, आणि तिसऱ्यांदा, मनगटातली कळ डोक्यात जाईपर्यंत. प्लास्टरला तडा गेला. खालच्या फळीतली पुस्तकं त्याच्या अंगावर कोसळली. मला थांबावंसं वाटत नव्हतं. आसावरीनं माझा खांदा धरला म्हणून थांबले.

"चला अक्का," ती म्हणाली.

तिनं पर्स घेतली नाही, चपला हातात घेतल्या. आम्ही दारात पोचलो तेव्हा तो भिंतीला धरून उठत होता, नाकातून रक्त हनुवटीवर आलं होतं. "आसावरी," त्यानं हाक मारली, "ते पुस्तक ठेवून जा."

जिना आम्ही कसा उतरलो देव जाणे. कोपऱ्यावर एक रिक्षा उभी होती. रिक्षावाल्यानं माझा तडकलेला हात आणि तिच्या भुवईवरची पट्टी बघितली.

"एल्लिगे अम्मा?"

मी शिवाजीनगर म्हणणार होते. माझ्या घराचा पत्ता ओठांवर होता. पण आसावरी आधी बोलली. "पोलीस स्टेशन."

रिक्षा निघाली. पुस्तक तिच्या मांडीवर होतं, दोन्ही हात त्यावर. मी तिच्या डाव्या बाजूला बसले आहे हे माझ्या लक्षात आलं, म्हणून काही बोलले नाही. दोन सिग्नल गेले. मग ती स्वतःच माझ्याकडे वळली.

"अक्का," ती म्हणाली, "त्याला मी दिसत होते."

मग ती रडायला लागली. मार खाताना न रडलेली बाई त्या रिक्षात पुढे वाकून, गुडघ्यांत डोकं घालून रडली. माझा एकच हात चालत होता, तो मी तिच्या पाठीवर ठेवला.